ओल्या कुरणातला बटरकप

९ ऑक्टोबर

ताई,

अक्षर ओळखून तू पत्र बाजूला टाकशील, म्हणून आधी कामाचं सांगतो. तुझा तो पिवळ्या फुलाचा बटरकप देशीच होता. तण नव्हता. मी भिंगाखाली दोनदा बघितलं, आणि काल तुझ्या भाचीलाही बघायला लावलं. देठ गोल आहे, त्यावर खाचा नाहीत. फुलाखालची हिरवी दलं पाकळ्यांना चिकटून वर उभी आहेत. तणाची खाली मुडपलेली असतात. आणि बियांच्या टोकाला वाकडी चोच आहे, मासे पकडायच्या गळासारखी. तू सांगितलं होतंस तसंच.

ऑगस्टअखेर मी निवृत्त झालो. सर्वेक्षण विभागातलं माझं टेबल रिकामं करताना सगळ्यात खालचा खण ओढून बाहेर काढला, तर त्याच्यामागे तुझं पाकीट सापडलं. सहा वर्षं तिथेच पडून होतं. घसरून मागे गेलं असणार. वर तुझं फळ्यावरचं ठसठशीत अक्षर: 'नीट बघ. घाई करू नकोस.' आत वर्तमानपत्रात दाबलेलं अख्खं रोप, मुळांसकट, आणि कागदाच्या पुडीत बिया. अडतीस भरल्या.

त्या वेळी अहवालात मी 'सर्वत्र आढळणारी तणजात' असं लिहिलं. ती चूक झाली. फोटोवरून ओळखायला गेलं की होते. आता त्या कुरणावर दवाखान्याची इमारत आहे, तेव्हा वाद घालण्यासारखं काही उरलेलं नाही.

पण बिया आहेत. मी त्या लावणार आहे. ते झाड तिथे कसल्या मातीत होतं, पाणी वर्षभर असायचं की पावसाळ्यापुरतं, याची तुझ्याकडे टिपणं असतील. कळवलंस तर बरं होईल. नाही कळवलंस तरी मी लावणारच आहे.

तुझा पत्ता तुझ्या भाचीने दिला. तिला रागावू नकोस, मी फार मागे लागलो होतो.

तुझा भाऊ


२ डिसेंबर

ताई,

उत्तर नाही. मी ते धरूनच चाललो होतो.

पहिल्या बारा बिया गेल्या. माती निर्जंतुक हवी म्हणून मी ती कुकरमध्ये वाफवली. चार शिट्ट्या. घरभर नाल्यासारखा वास सुटला आणि खालच्या मजल्यावरची बाई विचारायला आली की तुमच्याकडे काय जळतंय. तिला म्हटलं, माती शिजतेय. तेव्हापासून ती जिन्यात भेटली की माझ्याशी जरा जपून बोलते.

एवढं करूनही तिसऱ्या आठवड्यात बियांवर करडी बुरशी आली. चिमट्याने एकेक उचलून भिंगाखाली धरली. आत लापशीसारखं झालं होतं.

माझंच चुकलं. या जातीच्या बिया ताज्या पडतात, हिवाळाभर थंडीत भिजत राहतात आणि मग उगवतात. मी त्यांना ऊब दिली. आता दहा बिया ओल्या वाळूत घालून डब्यात, फ्रिजमध्ये ठेवल्यात. तुझी भाची रविवारी येते. काल तिने डबा उघडला आणि विचारलं, "बाबा, हे कधीचं आहे? टाकून देऊ?" मी स्वयंपाकघरात कसा धावत गेलो ते बघून ती खुर्चीत बसून हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. मग डब्याकडे बघत म्हणाली, "आत्याला हे सगळं कळवता का?" कळवतो म्हटलं. "सगळं?" मी डबा आत ठेवला.

तिच्या त्या एका शब्दामुळे हे लिहितोय. पाकीट खणामागे घसरलं नव्हतं. मीच तिथे ठेवलं होतं. खण बाहेर काढून, हात आत घालून, भिंतीला लागून उभं केलं होतं. ते कुठे आहे हे सहा वर्षांत मी एक दिवसही विसरलो नाही. खण उघडला की तो शेवटी थोडा अडायचा. शिपाई म्हणायचा, साहेब, सुतार बोलावू का? मी म्हणायचो, राहू दे, चालतंय.

थंडी वाढली आहे. तुझ्या गावात जास्तच असेल.

भाऊ


२० फेब्रुवारी

ताई,

फ्रिजमधल्या दहांपैकी एकही उगवली नाही. दोन महिने थंडीत ठेवून जानेवारीअखेर मातीत लावल्या होत्या. दोन कापून बघितल्या. एक पोकळ. दुसरीत गर होता, पण पिवळा पडून कडक झालेला. बी सहा वर्षं जुनं असलं की असंच होणार. पहिल्याच हिवाळ्यात पेरल्या असत्या तर अर्ध्या तरी आल्या असत्या.

आता सोळा उरल्यात. त्या कुंडीत पेरून मागच्या गॅलरीत, उघड्यावर ठेवल्यात. कुंडीखाली परात, परातीत पाणी. आता जे व्हायचं ते तिथे होईल. मी हात लावणार नाही.

मागच्या पत्रात अर्धंच लिहिलं होतं. उरलेलं लिहितो.

तुझं पाकीट माझ्या हातात आलं तो सोमवार होता. त्याच दुपारी मी ते उघडलं. दार लावून घेतलं, भिंग घेतलं आणि बघितलं. ओळखायला पाच मिनिटंही लागली नाहीत. गोल देठ, वर चिकटलेली दलं, वाकडी चोच. तुझं बरोबर होतं. मग मी ते सगळं होतं तसं घडी घालून पाकिटात ठेवलं, पाकीट खणामागे ठेवलं, आणि गुरुवारी तण म्हणून सही केली.

तुला वाटत असेल की वरून कुणी दाब आणला. कुणीही आणला नाही. साहेबांनी एवढंच विचारलं होतं, "काही अडचण नाही ना तिथे?" मी अडचण आहे म्हटलं असतं तर त्यांनी फाईल सहा महिने, वर्षभर बाजूला ठेवली असती. ते तसे भित्रेच होते.

माझ्या बायकोच्या दोन्ही किडन्या गेल्याचं आम्हाला त्याच महिन्यात कळलं होतं. ती माझी बायको व्हायच्या आधी तुझी मैत्रीण होती, तरी तिने तुला कळू दिलं नाही. "इतक्यात कुणाला नको," म्हणाली, "ताईला तर नकोच, ती शाळा सोडून इथे येऊन बसेल." आठवड्यातून तीन दिवस आम्ही दुसऱ्या शहरात डायलिसिसला जायचो. जायला दोन तास, यायला दोन तास. येताना ती गाडीच्या काचेला डोकं टेकून बसायची, आणि रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला मी गाडी चालवणाऱ्याला मनातल्या मनात शिव्या घालायचो. आणि तुझ्या त्या कुरणावर होणाऱ्या नव्या इमारतीच्या नकाशात, तळमजल्यावर, सहा खाटांचा डायलिसिस विभाग होता. तो नकाशा माझ्या टेबलावर होता, तुझ्या पाकिटाच्या शेजारी.

तुला विचारलं असतं तर तू काय म्हणाली असतीस? हे मी खूपदा मनात मांडून बघितलंय. तू म्हणाली असतीस, इमारत पन्नास पावलं अलीकडे घ्या, किंवा निदान रोपं उचलायला एक हंगाम द्या. तुझ्या वर्गातल्या मुली येऊन फावड्याने उचलून नेल्या असत्या. तेवढं सुचायला काही फार अक्कल लागत नव्हती. पण तेव्हा मला एक दिवसही कुणाला द्यायचा नव्हता.

दवाखान्याच्या जागेच्या सुनावणीच्या दिवशी तू हिरव्या कापडी पिशवीतून तुझी चित्रं काढून टेबलावर मांडलीस. मी तिसऱ्या रांगेत होतो. अध्यक्षांनी माझा अहवाल वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "बाई, हे तुमच्या घरातलेच तज्ज्ञ सांगताहेत." लोक हसले. तू मागे वळून माझ्याकडे बघितलंस. तू चिडली नव्हतीस. शाळेत बरोबर आलेलं उत्तर मी घाबरून खोडायचो, तेव्हा बघायचीस तसं बघितलंस. मी चप्पल बघत बसलो.

त्यानंतर तू चित्रं गोळा केलीस. एक खाली पडलं, ते शिपायाने उचलून दिलं. मी उठलो नाही.

भाऊ


३ मे

ताई,

एक आलंय.

सोळांतलं एक. काल सकाळी पाणी घालताना दिसलं. दोन पानं, नखाएवढी. मी चष्मा पुसून परत बघितलं. तुझी भाची फोनवर म्हणाली, "बाबा, श्वास घ्या आधी."

पण मला खात्री नाही. गॅलरीत वाऱ्याने काय वाटेल ते येतं. तणाच्या बटरकपाची पहिली पानं अगदी अशीच असतात. फूल येईपर्यंत काही कळायचं नाही, आणि फूल येईल ते पुढच्या वर्षी, तेही आलं तर. तेव्हा मी तुला काही कळवत नाहीये, असंच समज.

बाकीच्या पंधरांची आशा मी सोडली आहे. कुंडी मात्र तशीच ठेवलीय.

गोगलगायींसाठी कुंडीच्या काठाला तांब्याची तार गुंडाळली. तुझी भाची कुंडीला पेशंट म्हणते. "पेशंट कसाय?" असं विचारते. पहिल्यांदा म्हणाली तेव्हा मी उगाच तार पुन्हा आवळली. आता सवय झाली.

भाऊ


१९ मे

ताई,

वर्ष उलटलं, त्यात मी लिहिलं नाही. लिहिण्यासारखं झालं ते आज लिहितोय.

फुललं. काल पहिलं, आज आणखी दोन. तेलाचं बोट फिरवल्यासारख्या चकचकीत पाच पाकळ्या. मी कळी उमलायच्या आधीच गुडघ्यावर बसून खालून बघत होतो. हिरवी दलं वर आहेत, पाकळ्यांना चिकटून. देठ गोल. तुझ्या चित्रांतलं पहिलं चित्र आणि हे, यात फरक नाही.

जगात कुठे आणखी असेल तर मला माहीत नाही. आपल्या नदीच्या खोऱ्यात गेल्या पन्नास वर्षांतली नोंद तुझ्या कुरणाचीच. त्यानंतर कुणाला दिसलं नाही. मी निवृत्त झाल्यापासून नदीकाठची सगळी ओली जागा पायाखाली घातली, दोन्ही उन्हाळे. सगळीकडे तण आहे. खाली मुडपलेली दलं, खाचांचे देठ. आता मला ते लांबूनच ओळखू येतं.

म्हणजे हे एक आहे.

आणि इथेच गोची आहे, तुला माहीतच असेल. मी ब्रशने या फुलाचा पराग त्या फुलावर लावतोय, सकाळी एकदा, दुपारी एकदा. माश्याही येतात. पण ही जात स्वतःचा पराग स्वतः घेत नाही असं पुस्तकात आहे. दुसऱ्या बीपासून आलेलं दुसरं रोप लागतं.

तू त्या वर्षी कुरणातून मूठभर बी घरी नेलं होतंस. मला आठवतंय, रुमालात बांधून. त्यातलं काही उरलं असेल, काही उगवलं असेल, तर एवढं एकदा कळव. मला काही लिहू नकोस. नुसतं 'आहे' किंवा 'नाही' लिही. आहे म्हणालीस तर तुझी भाची येऊन घेऊन जाईल. मला यायची गरज नाही.

भाऊ


३० जून

ताई,

फोल निघालं. फुलं गळली, मागे बियांचे हिरवे गेंद धरले, माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. आज ते बोटांत चुरडून बघितले. चोच आहे, टरफल आहे, आत काही नाही. एकशे बारा मोजले. एकातही गर नाही.

आता तुझ्यापासून लपवून ठेवायला माझ्याकडे एकच गोष्ट उरलीय, आणि ती ठेवून मला काही मिळणार नाही.

नवा विभाग सुरू झाला तेव्हा तुझी मैत्रीण अकरा महिने तिथे गेली. घरापासून दहा मिनिटं. त्या अकरा महिन्यांचं मी खोटं बोलणार नाही, ते चांगले गेले. येताना काचेला डोकं टेकावं लागायचं नाही. संध्याकाळी ती गॅलरीत बसून मटार सोलायची, मला चिडवायची. तू ओळखतेसच तिला. तुझा धाकटा भाऊ म्हणून ओळख झालेली, त्यामुळे शेवटपर्यंत माझ्याशी बोलताना तिचा तोरा मोठ्या बहिणीचाच होता.

एकदा खाटेवर असताना तिने विचारलं, "तुझ्या ताईचं फूल इथेच कुठेतरी होतं ना?" 

"मागच्या बाजूला," मी म्हटलं. "पण ते तण होतं."

"असेल. ताईपण कधीतरी चुकतच असेल." मग म्हणाली, "तिला बोलाव. आता मला तिला सांगायचंय. चिडू दे हवी तर."

मी हो म्हणालो. चार दिवसांनी तिने विचारलं, पत्र टाकलंस? टाकलं, म्हणालो. पुढे दर आठवड्याला विचारायची, उत्तर आलं का. मी म्हणायचो, नाही. ती म्हणायची, "रागाची आहे. पण येईल."

ताई, मी पत्र टाकलं नव्हतं. तू आली असतीस तर खाटेशेजारी बसली असतीस, खिडकीतून मागची बाजू बघितली असतीस, आणि मला तुम्हा दोघींसमोर उभं राहावं लागलं असतं. शेवटच्या आठवड्यात तिने विचारणं बंद केलं. तू येत नाहीस म्हणून तुझ्यावर रुसून गेली, असं म्हणायला हवं. पण तसंही नाही. तिने तुझी बाजू घेतली. "तिला काहीतरी अडचण असेल," एवढंच म्हणाली.

तुझ्या भाचीने हे ऐकलं होतं. तीन वर्षं ती माझ्याशी त्यावर बोलली नाही. आणि मी तुलाही तुझी मैत्रीण गेल्याचं कळवलं नाही. ते तुझ्या भाचीनेच महिन्याने कळवलं, हे तुला ठाऊक आहे.

क्षमा मागत नाही. कुठल्या तोंडाने मागू.

भाऊ


२४ जुलै

ताई,

तुझं पोस्टकार्ड पोचलं. इतक्यांदा वाचलं की पाठ झालंय, तरी समोर ठेवून लिहितोय. तू जे लिहिलंस ते मी नीट समजलो की नाही, ते इथे उतरवतो.

तुझ्या रुमालातल्या बियांतूनही एकच आलं. खिडकीतल्या कुंडीत पाच वर्षं फुललं, आणि पाचही वर्षं फोल. गेल्या हिवाळ्यात तू पंधरा दिवस दवाखान्यात होतीस, पाणी घालायला कुणी नव्हतं, परतलीस तर ते वाळलेलं. माझं पहिलं पत्र आलं तेव्हा ते जिवंत होतं. रोप उगवल्याचं मी लिहिलं, तेव्हा तर ते फुललेलं होतं. दोन्ही पत्रं तू वाचलीस, आणि उत्तर दिलं नाहीस. 'तेवढा दोष माझा,' असं तू लिहिलंयस.

तेवढाही तुझा नाही. मी पाकीट त्याच वर्षी परत केलं असतं तर तुझ्या खिडकीत एकाऐवजी दहा कुंड्या असत्या. हिशोब लावत बसू नकोस. तुला तो लागू होत नाही.

खाली तू लिहिलंयस, 'तिने माझी बाजू घेतली हे कळवलंस ते बरं केलंस. आता लिहू नकोस.' म्हणून हे शेवटचं. फक्त काय केलं ते सांगून थांबतो.

परवा मी ऑफिसात जाऊन अहवालात दुरुस्तीचा अर्ज दिला. माझ्या जागेवर आता एक तरुण तपासनीस बाई आहेत. त्यांनी अर्ज वाचला आणि विचारलं, "काका, याने आता काय होणार? दवाखाना तर कुणी पाडणार नाही."

"नाही पाडणार. पाडूही नये."

"मग?"

"लिहिलेलं खोटं आहे म्हणून."

त्यांनी अर्जावर बोट ठेवलं. "खोटं की चुकीचं? दोन रकाने वेगळे आहेत. खोटंवर खूण केलीत तर चौकशी लागेल."

मी खोटंवर खूण केली. शोध लावणारी व्यक्ती म्हणून तुझं पूर्ण नाव घातलं, तुझ्या शाळेचं नाव घातलं, आणि तारीख तू पाकिटात लिहिलेली घातली. जातीच्या सद्यस्थितीत लिहिलं: निसर्गात नाही, लागवडीत एक रोप. या पावसाळ्यात मी त्याच्या मुळ्या सोडवून चार कुंड्या केल्यात. पण चारही एकच रोप आहेत, त्यांच्यात बी धरणार नाही. कुणी पाणी घालेल तोवर राहतील.

अर्जात शेवटी एक रकाना होता: रोप कुणाकडे आहे, आणि त्यांच्या पश्चात जबाबदारी कुणाची. पहिल्यात माझं नाव लिहिलं. दुसऱ्यात तुझ्या भाचीचं लिहिणार होतो, पण तिने आधीच स्पष्ट सांगितलंय, "बाबा, मला त्या फुलाकडे बघवत नाही." तुझं लिहायचा मला हक्क नाही. मी 'कुणी नाही' असं लिहिलं.

बाई म्हणाल्या, "असं चालत नाही. एक तरी नाव लागतं, नाहीतर अर्ज परत येतो."

"मग येऊ दे परत."

त्यांनी माझ्या हातातून पेन घेतलं, 'कुणी नाही' खोडलं आणि तिथे स्वतःचं नाव लिहिलं. पाणी किती लागतं, ऊन किती, हे विचारून एका चिठ्ठीवर टिपून घेतलं. मी सगळं सांगितलं. निघताना विचारलं, तुम्ही इथे किती दिवस आहात. त्या म्हणाल्या, पुढच्या मार्चमध्ये बदली आहे, कुठे ते अजून कळलेलं नाही.

भाऊ